पाठीवरचा भुसा

बेंडिख्त म्हणाला, पहिला डाव हाच.
नाव नुसतं ‘आखूड’.
ओढ आखूड, श्वास आखूड,
तेवढ्यात समोरचा माणूस जमिनीवर नसतो.

इमे नदीच्या काठी, चीजच्या कारखान्यामागे
वखारीतून पोत्यांनी आणलेला पाइनचा भुसा,
घोट्याइतका, गोल पसरलेला.
बाहेर नोव्हेंबर. खिडक्यांवर धुकं.

आधी चड्डी. तागाची, पोत्यासारखी खरखरीत,
आपल्या पँटवरून चढवायची, चामडी पट्टा आवळायचा.
माझ्याआधी कुणाकुणाच्या कमरेला होती, मी विचारलं नाही.
उजवा हात डोरी झाउग्गच्या पाठीमागे, पट्ट्यात.
डावा तिच्या मांडीवर, गुंडाळलेल्या काठात.
खांद्याला खांदा, कानाला कान.
तिच्या केसांना यीस्टचा वास:
पहाटे तीनला उठून पाव भाजते ती.
इतक्या जवळ मी कुणाच्या गेले नव्हते
भांडण नसताना, प्रेम नसताना.

“डोळ्यांनी नको बघूस, डोळे फसवतात.
वजन कुठल्या पायावर आहे, ढोपराला विचार.
मग तिच्या खाली जा.”
चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस,
डावसुद्धा सांगतो पत्ता सांगावा तसा:
ओढ्यापलीकडे, दुसरं दार, कुत्रा चावत नाही.

मी हातांनी उचलायला जाते.
हात थरथरतात. डोरी हलत नाही,
चक्क जांभई देते,
आणि मला छताची तुळई दिसते.
धप्प.
पुन्हा.
तुळईवर एक गंजका नाल ठोकलेला आहे,
जानेवारीपर्यंत त्याचे सहाही खिळे
मला पाठ झाले. पाठीनेच झाले.

भुसा कानात, मोज्यात, उशीवर.
गोठ्यात वाकले तर मानेवरून एक कण
थेट दुधाच्या बादलीत.
आई म्हणाली, या वर्षीच्या चीजला
जंगलाची चव येणार.

बाबा काही म्हणाले नाहीत.
त्यांची उजवी बाजू सप्टेंबरात गेली, तिच्याबरोबर निम्मे शब्द.
त्यांच्या काळी पोरी कुंपणाशी उभ्या राहून
टाळ्या वाजवायच्या.
त्यांचं मत तेव्हाही तेच होतं, आताही तेच असावं.

फेब्रुवारीत एका रात्री त्यांना पलंगावरून
खुर्चीत घ्यायचं होतं. आई झोपली होती.
काखेत हात घालून ओढलं, नाही जमलं.
दुसऱ्यांदा, नाही.
मग मी गुडघे वाकवले,
पायजम्याची नाडी मागून मुठीत धरली,
कानाला कान लावला
आणि खाली गेले.
हे एवढे मोठे बाबा, वर आले,
क्षणभर माझ्या कमरेवर तोललेले,
पाय हवेत, एका पायात मोजा नाही.
खुर्चीत बसवलं तेव्हा धापा मीच टाकत होते.
त्यांनी वाकड्या तोंडाने शब्द शोधला,
बराच वेळ शोधला.
“डावा,” म्हणाले. “आत.”

गुरुवारी डावा पाय आत ठेवला,
नेहमीपेक्षा एक वीत आत.
काय झालं ते मला सांगता येणार नाही.
ओढलं, एवढं आठवतं.
डोरी झाउग्ग, ऐंशी किलो, कसलाही आवाज न करता
माझ्याभोवती फिरली आणि दोन्ही खांद्यांवर पडली.

मी हात वर करून ओरडले,
गोल गोल धावले,
वासरू सोडल्यावर धावतं तशी.
कुणीच टाळी वाजवली नाही.
बेंडिख्त खाकरला.
डोरी उठून बसली होती, माझ्याकडे पाठ करून,
वाट बघत.

तेव्हा आठवलं.
जिंकलेल्याने हरलेल्याची पाठ झाडायची.
त्याशिवाय डाव संपत नाही.

मी मागे जाऊन गुडघ्यांवर बसले.
तळव्याखाली तिची पाठ, गरम, वरखाली होणारी.
खांद्यावरचा भुसा झाडला, मग माकडहाडापर्यंतचा,
मग वेणीत अडकलेला, एकेक कण.
“झालं का?”
“थांब. अजून आहे.”

झालं, तशी ती उभी राहिली,
माझ्या पट्ट्यात हात घातला,
आणि जांभई दिली.

सहा खिळे.